काहीही झालं तरी ‘ठीक’

चादरीवर पडलेला, नाडी मोजणारा चिमटा तिनं उचलला आणि बाबांच्या बोटाकडे पाहिलं.

“हा कधी निघाला?”

“मघाशीच. कुणी आलं नाही, म्हटलं आता लागत नसेल.”

चिमटा बोटावरून निसटला की दहा सेकंदांत बाहेर सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजायला हवी. तिनं तो हातातच धरला आणि दाराकडे कान दिला. वीस मोजले, मग चाळीस. बाहेर फरशी पुसणाऱ्याची बादली तेवढी सरकली.

“तू अशी गप्प झालीस की काहीतरी बिघडलेलं असतं,” बाबा म्हणाले. “पंखा दुरुस्त केलास तेव्हाही अशीच गप्प होतीस.”

एरवी ती हसली असती. आत्ता ती दाराकडेच बघत होती.

या रुग्णालयातल्या संगणकांची देखभाल तिच्याकडे होती. अकराला वीज जाऊन आली होती आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. सुरू होताना तो एकेका प्रोग्रॅमला उठवतो. उठवण्याचं काम करणारी छोटी स्क्रिप्ट शेवटी सांगते, जमलं की नाही. आज सगळ्या स्क्रिप्टनी ‘ठीक’ म्हणून कळवलं होतं आणि ते वाचून ती निवांत बाबांपाशी येऊन बसली होती.

पण घंटेची स्क्रिप्ट दुसरं काही कळवूच शकत नव्हती. तीन वर्षांपूर्वी इथल्या संगणकांची मानकांनुसार तपासणी झाली. चालू असलेला प्रोग्रॅम पुन्हा चालू करायला सांगितला तर ती चूक धरू नये, ‘ठीक’ म्हणावं, असा नियम. ही स्क्रिप्ट तिथं नेमकी चूक दाखवायची. प्रोग्रॅम खरंच चालू आहे का, हे आधी तपासायला स्क्रिप्टला शिकवायचं, तर अर्धा दिवस गेला असता, आणि तपासनीस चहा संपवून येतच होता. तिनं शेवटी एक ओळ टाकली: काहीही झालं तरी ‘ठीक’. शिक्का मिळाला, साहेबांनी पाठ थोपटली. वेळ मारून नेण्यात बाई पहिल्यापासून पटाईत. नंतर नीट करू म्हणाली आणि ते नंतर काही उजाडलं नाही.

तिनं चिमटा बाबांच्या बोटाला लावला आणि टेबलापाशी गेली. बारा खोल्यांना मिळून एक सिस्टर, तीही नुकतीच टेकली होती. समोर पडद्यावर बारा हिरवे ठिपके होते, दर खोलीची घंटा चालू असल्याची खूण.

“सिस्टर, वीज आल्यापासून घंटा वाजली का हो?”

“नाही बाई. आज सगळे शहाण्यासारखे पडलेत.”

“आत जाऊन कुणाला पाहिलंत?”

“घंटा नाही तर कशाला झोपमोड करायची? पूर्वी तासातासाला फेरी असायची. तुमचं हे आलं आणि पाय वाचले.”

तिनं खुर्ची ओढली, स्क्रिप्ट उघडली आणि ती ओळ खोडली. पासवर्ड दोनदा चुकला. प्रोग्रॅम पुन्हा उठवून पाहिला. उठला नाही, आणि या वेळी स्क्रिप्टनं तसं कळवलं. बाराही ठिपके एकदम लाल झाले.

“अगं बाई, हे काय केलंत?”

“आत्ता नाही केलं. तीन वर्षांपूर्वी केलं.” “दोन तास घंटा बंद आहे. ते हिरवं खोटं होतं. बाबांना मी आत्ताच पाहिलंय. बाकीच्या अकरा जणांचं मला काही माहीत नाही.”

सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली.

“मी एकपासून जाते. तुम्ही बारापासून या. श्वास चालतोय का एवढं बघा. शंका आली तर मोठ्यांदा हाक मारा.”

बारामधला माणूस वर्तमानपत्र वाचत होता. अकरामधली बाई झोपली होती. छाती तीनदा वरखाली झालेली बघूनच ती तिथून हलली. दहामधल्या म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, आणि तिला त्याचे पाय धरावेसे वाटले.

नऊचं दार बंद होतं. बाहेर बाकावर एक काकू लोकर विणत बसल्या होत्या. तिला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू हं. काल दिवसभर ती घंटा ठणाणा करत होती. आज बघ, अकरापासून एकदाही नाही. उतार पडलाय त्यांना.”

“मी एकदा बघून येते, काकू.”

काकूंनी हसून गुडघे बाजूला घेतले.

“ये बघून. पण उठवू नकोस.”