हात लेकीचा, बोल परक्याचे

विद्यापीठाच्या सभागृहात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, त्यांचे आईबाप, झाडून सगळे हजर. एरवी व्याख्यानाला रिकाम्या खुर्च्या मोजाव्या लागतात. पण चमत्कार म्हटलं की शिकलेल्यांनाही पाय फुटतात.

व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत विशीतली एक मुलगी होती. जन्मापासून तिला बोलता येत नव्हतं, हातही तिचं ऐकत नव्हते. घरचं तिचं नाव चिऊ. विद्यापीठातही सगळे तेच नाव घेत, जणू ती वीस वर्षांची नाही, बालवाडीत होती. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले स्पर्शगुरू; महिनाभर ते बंद दाराआड तिचा सराव घेत होते. त्यांनी चिऊचं मनगट मुठीत धरलं होतं आणि तिचं बोट समोरच्या अक्षरपाटीवर टकाटक फिरत होतं.

“आई... तू... माझं... आभाळ...” गुरू मोठ्याने वाचत होते.

पुढच्या रांगेत चिऊची आई हमसून रडायला लागली. ती विद्यापीठाच्याच ग्रंथालयात कामाला होती. अख्ख्या सभागृहाचे डोळे पाणावले.

“मी कोण? कुणीच नाही!” गुरू गरजले. “मी नुसती नळी, पाणी तिचं! विश्वात कंप आहे, कंपात ज्ञान आहे, ज्ञानाला फक्त स्पर्श हवा. विज्ञान थकतं तिथून माझी बोटं सुरू होतात!”

टाळ्या! विश्वातला कंप कशाशी खातात हे पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीही विचारलं नाही. तेच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

मागे भिंतीला टेकून खटकेबाई उभ्या होत्या. अपंग विद्यार्थ्यांच्या साहाय्य केंद्रात त्या शिकवत. ज्याचा जो अवयव हलेल, त्याला चालेल असा खटका त्या बनवून देत: कुणाला हनुवटीचा, कुणाला भुवईचा. म्हणून हे नाव. चिऊचा डावा गुडघा तिच्या मनासारखा हलायचा. बाटलीच्या झाकणात बसवलेला खटका बाईंनी त्या गुडघ्याशी बांधला होता. समोरच्या यंत्राच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत. हवी ती ओळ आली की गुडघा दाबायचा, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा. काम गोगलगायीचं, पण अक्षर तिचं स्वतःचं.

या धंद्यातला पहिला धडा बाई प्रत्येक नव्या माणसाला देत: हाताकडे बघू नका, डोळ्यांकडे बघा. आता सगळं सभागृह हाताकडे बघत होतं. बाईंनी डोळ्यांकडे पाहिलं. चिऊ छताच्या पंख्याकडे बघत होती. पाटीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाटीकडे बघत होते ते गुरू.

“अगं बाई,” खटकेबाई स्वतःशीच म्हणाल्या, “न बघता असं टंकायला मलाही जमत नाही.”

तेवढ्यात बोट पुन्हा फिरलं. “मला... यंत्र... नको. शिक्षण... नको. मला... गुरूंच्या... निवासात... राहायचंय.”

कुलसचिव उठले. घसा खाकरून त्यांनी जाहीर केलं, की साहाय्य केंद्राची खोली आता स्पर्शसंवादाला मिळेल, आणि चिऊची इच्छा मान्य करून सोमवारी तिला निवासात पोचवलं जाईल. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीला उचलून परक्याच्या घरी नेत होते, तेही तिच्याच तोंडून वदवून!

त्यांनी ग्रंथालयात चिऊच्या आईला गाठलं.

“ताई, ते बोलणं तिचं नाही हो.”

“मग कुणाचं?” आईने पुस्तकं आपटली. “वर्षभर बसली तुमच्या त्या डब्यापुढे. काय दिलंत मला? ‘भूक’. ‘पंखा’. ‘नको’. वीस वर्षं वाट बघितली मी, आणि लेकीच्या तोंडी काय, तर ‘नको’! आज तिने मला आभाळ म्हटलं. तुम्हाला मूल आहे?”

“नाही.”

“मग गप्प बसा.”

बाई दाराकडे वळल्या. पण जाताना म्हणाल्या, “सोमवारी निघण्याआधी एकदा केंद्रात या. खोली ताब्यात घ्यायला गुरू येणारच आहेत. तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे काय ते.”

सोमवारी गुरू आले ते भिंती न्याहाळतच. इथे आपला फोटो, तिथे गादी. खटक्यांचे खोके त्यांनी पायाने बाजूला सारले. सोबत कुलसचिव, आई आणि चाकाच्या खुर्चीत चिऊ. बाईंनी अक्षरपाटी मांडली, गुरू आणि चिऊच्या मधे एक मोठी फाईल उभी केली, आणि दोन्ही बाजूंना एकेक चित्र ठेवलं. एकाला दुसऱ्याचं चित्र दिसत नव्हतं.

“हे काय नाटक?” गुरू कडाडले. “परीक्षा घेतली की धारा आटते!”

“परीक्षा कसली, गुरुजी? आम्हालाही शिकू द्या ना. ती चित्र बघेल, नाव सांगेल. तुम्ही तर नळी, तुम्हाला चित्र लागतंच कशाला? पण असू दे, तुमच्याही पुढे ठेवलंय.”

आपल्यालाही चित्र आहे म्हटल्यावर गुरूंचा चेहरा खुलला. त्यांनी मनगट पकडलं. चें-डू. आई हसली. दोन्हीकडे चेंडूच होता. मग झा-ड. कुलसचिवांनी टाळी वाजवली. दोन्हीकडे झाडच होतं.

बाईंनी पुन्हा चित्रं बदलली. बोट झरझर फिरलं.

“घ-ड्या-ळ!” गुरू विजयाने म्हणाले.

“ताई,” बाई हळूच म्हणाल्या, “जरा उठा. लेकीच्या बाजूला जाऊन बघा.”

आई उठली. चिऊपुढे किल्ली होती. तिने फाईलपलीकडे वाकून पाहिलं: गुरूंपुढे घड्याळ.

“तुमच्या शंकेने धारा गढूळ झाली!” गुरू ओरडले.

“मघाशी चेंडूला बरी स्वच्छ होती! बरं, आता आणखी एकदा. या वेळी चित्र फक्त तिला.”

गुरूंनी मनगट सोडलं. म्हणे, कंप थकले.

“साहेब, यात देव नाही की भूत नाही,” बाई कुलसचिवांना म्हणाल्या. “धरणाऱ्याच्या मनात जे असतं, ते त्याच्या हातात उतरतं. हलका रेटा पुरतो. काही भोळ्या माणसांच्या हातून हे नकळत होतं. पण ‘मला यांच्याकडे राहायचंय’ हे कुणाच्या मनातलं, ते तुम्हीच ओळखा.”

त्यांनी कपाटात कोंबलेलं यंत्र काढलं, खटका चिऊच्या गुडघ्याशी बांधला. “चिऊ, काय दिसलं तुला?”

ओळी उजळू लागल्या. खट. थांबा. खट. कुलसचिव घड्याळ बघत होते. गुरू केव्हाच पायात चपला सरकवून बाहेर सटकले होते. पडद्यावर अक्षरं जमली: किल्ली.

“झालं ना?” कुलसचिव उठले. “हे बाहेर बोलू नका हं. विद्यापीठाच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

पण गुडघा थांबला नव्हता. खट. आणखी खट. ती लिहीत होती, कुणी न विचारता. पडद्यावर आलं: हात दुखतो.

आईने लेकीची बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. ती रोज त्यांना तेल लावत होती, मनाशी म्हणत होती, संवादाचे कष्ट आहेत. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

“तुम्ही माझं आभाळ हिरावून नेलंत,” ती बाईंना म्हणाली. आवाजात राग होता, आणि रागाखाली नुसती लाज. मग ती चिऊसमोर खाली बसली. सवयीने हात धरायला गेली आणि मागे आली.

“माझा राग आलाय तुला?”

खट.

हो.

आई रडली. सभागृहातलं रडणं निराळं होतं, हे निराळं. पण ती उठली नाही. पुढचं अक्षर उजळेपर्यंत बसून राहिली. खोली केंद्राकडेच राहिली, चिऊ घरीच राहिली. एवढं झालं, म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. गुरूंवर कुणी तक्रार केली नाही. अब्रू ना! आज ते दुसऱ्या एका विद्यापीठात आहेत. सभागृह गच्च भरतं म्हणे.

उद्या ते तुमच्याकडे येतील. तेव्हा रुमाल काढण्याआधी जरा डोकं वापरा. जिच्या नावावर चमत्कार खपतोय, ती कुठे बघतेय ते बघा. दोन वेगळी चित्रं न्या, मधे एक फाईल उभी करा. त्याला ना पदवी लागते ना धाडस. आणि एवढंही होत नसेल, तर निदान त्या पोरीला विचारा, बाई, तुझा हात दुखतोय का? उत्तराला वेळ लागेल. तेवढं थांबा.