बहिणीने बोलू नये ते

"डुक्कर खच्ची करतात ना, तसलं काही नाही हे!" फाने घसा ताणून ओरडत होती. "नस फक्त बांधायची! बाकी सगळं जागच्या जागी!"

ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. खोलीभर लांब ओंडक्याच्या दोन्ही अंगांना बसून बायका तुतीची साल कुटत होत्या. त्या सालीचंच लग्नासाठी कापड व्हायचं होतं, आणि त्या मोगरींच्या दणदणाटात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पण गावच्या बायका एकगठ्ठा सापडतात त्या इथेच. दवाखान्यात बोलावलं की एकीचं पोर रडतं, दुसरीची चूल पेटलेली असते. म्हणून बेटाची ही एकुलती एक नर्स आज त्यांच्यातच मोगरी घेऊन बसली होती, आणि मोगरीपेक्षा तिची जीभच जास्त चालत होती.

बातमीही तशीच होती. येत्या बुधवारी मोठ्या बेटावरून डॉक्टर येणार होते. मूल राहू नये म्हणून बायकांच्या दंडात बसवायच्या, पाच वर्षं चालणाऱ्या काड्या घेऊन. आणि पहिल्यांदाच पुरुषांच्या नसबंदीचंही सामान घेऊन. आजवर कुणा पुरुषाच्या मनात आलं तरी मोठ्या बेटावर जावं लागायचं, आणि जाण्यायेण्यात एक अख्खं डुक्कर विकलं जायचं. आता दारात, फुकट! फानेला गेले तीन दिवस धड झोप नव्हती, इतका तिला आनंद झाला होता.

"पुरुषांना गोळी का नाही गं काढत?" वाइमोआना म्हातारीने ओरडून विचारलं. हिला आता गोळी काय आणि गोळा काय, पण चौकशा हिच्याच जास्त.

"मलम काढतायत! परदेशात तपासणं चाललंय! रोज खांद्याला चोळायचं!"

"आमचे हे सांगितल्याशिवाय दात घासत नाहीत. मलम कसलं चोळतायत!" एकजण ओरडली.

"आणि ते आपल्या बेटावर यायचं तेव्हा माझी नात आजी झालेली असेल!" दुसरी कुणीतरी म्हणाली.

हशा पिकला. गोष्ट रंगात आली, तशा एकेक करून मोगऱ्या थांबल्या. फानेच्या ते लक्षातच आलं नाही. ती आपल्याच तारेत, त्याच पट्टीत ओरडली, "सुरी नाही, टाका नाही, पाव तासाचं काम! आणि रात्रीचं सगळं होतं तसंच चालतं! उलट भीती गेली की जोरात चालतं!"

शेवटचं वाक्य निःशब्द खोलीतून खणखणीत बाहेर गेलं. दारात केपुएली उभा होता. खांद्यावर बायकांसाठी आणलेली फणसाची टोपली, आणि चेहरा राखेसारखा.

केपुएली फानेचा सख्खा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीच तो बहीण झोपते त्या घरातून निघून चुलत्याकडे झोपायला गेला होता, बेटावरच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे भाऊ जातात तसाच. टीव्हीवर कुणी कुणाला जवळ घेतलं की दोघांपैकी एकजण पाणी प्यायला उठायचा. आणि आज त्याने हे ऐकलं, तेही बहिणीच्या तोंडून. त्याने टोपली हळूच उंबऱ्यावर ठेवली आणि मान खाली घालून तो निघून गेला. एवढ्या बायका होत्या, पण एकीलाही हसू आलं नाही.

फानेला लाज तर वाटलीच, पण खरी गोम वेगळी होती. हा सगळा आरडाओरडा जिच्यासाठी होता ती एसेता समोरच बसली होती. केपुएलीची बायको, सहा पोरांची आई. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने गेलेली. सहावं पोर झालं तेच मुळी वादळात बोट आली नाही आणि दवाखान्यातली मूल न राहण्याची इंजेक्शनं संपली म्हणून. त्या बाळंतपणात ती गेलीच होती, पुन्हा आली. काडी बसवून पाहिली, तर रक्त थांबेना. भूल देऊन तिचं ऑपरेशन करायला एकही डॉक्टर तयार नव्हता. सातवं राहिलं तर एसेता वाचणार नाही, हे फानेला स्पष्ट माहीत होतं. उपाय एकच उरला होता, आणि तो केपुएलीच्या हातात होता. बेटावरच्या परक्या पुरुषांशी ती बोलू शकत होती. भावाशी नाही.

"तू तरी बोल ना त्याच्याशी," रात्री ती नवऱ्याला म्हणाली.

"बायकोच्या भावाजवळ हा विषय?" इनोकेने कानाला हात लावले. "त्यापेक्षा मला शार्कच्या तोंडात दे. हवं तर बुधवारी मीच पहिला नंबर लावतो."

"तुझा आता काय उपयोग, मेल्या? वीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर!"

केपुएली त्यानंतर फिरकला नाही. रविवारी प्रार्थनेलाही तो पार मागच्या बाकावर बसला. माझ्या जिभेने घात केला, आता तो मुद्दाम येणार नाही, असं फानेच्या मनाने घेतलं, आणि तिला चारचौघांत रडू फुटायचं बाकी राहिलं.

बुधवारी बोट आली. डॉक्टर लोपेती उड्या मारत उतरले. त्यांच्या मदतीला आलेल्या दांडग्या पुरुष नर्सला मात्र दोघांनी धरून उतरवावं लागलं. समुद्र लागून तो हिरवा पडला होता. त्याला शहाळं पाजून झाडाखाली आडवं केलं.

"सिस्टर, मदतीला तुम्हीच आता," डॉक्टर म्हणाले. "मला दुसरे हात लागतातच."

सकाळभर बायकांची रीघ लागली. काड्या बसवून घेतलेल्या बायका दंड मिरवत निघाल्या. पुरुषांच्या बाकावर मात्र इनोके एकटा ऐसपैस बसला होता. पलीकडे आंब्याखाली चारपाच गडी उभे होते, पण त्यांचे पाय काही दवाखान्याकडे वळेनात. कुणीतरी आधी आत जाऊन धड बाहेर यायला हवा होता.

इतक्यात फानेने खिडकीतून पाहिलं. केपुएली येत होता. धुतलेला सदरा, कमरेला मानाची चटई गुंडाळलेली, देवळात जावं तसा. मागे एसेता. मेव्हण्याला पाहताच इनोके सावरून उठला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"आला! आला तो!" फाने कुजबुजली आणि तीरासारखी मागच्या दाराने बाहेर पडली.

"अहो सिस्टर, कुठे निघालात?"

"तो माझा भाऊ आहे, डॉक्टर."

डॉक्टरही याच बेटांवरचे, रिवाज त्यांना सांगावा लागला नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आता माझ्या हाताशी कोण? परत पाठवू त्याला?"

"परत?" फाने जवळजवळ किंचाळली. "परत गेला तर तो जन्मात यायचा नाही! थांबा, मी माणूस देते."

तिने एसेताला मनगटाला धरून मागल्या अंगणात ओढलं. चुलीवर हत्यारं उकळत होती.

"हात घास. कोपरापर्यंत. हे गोल तोंडाचं आधी द्यायचं, हे टोकदार नंतर. मग दोरा. म्हण बघू!"

"गोल, टोकदार, दोरा. वन्सं, मला चक्कर येईल हो."

"सहा पोरं काढलीस, आता कसली चक्कर? बरं, सांग, हा आला कसा? रागावला नव्हता?"

एसेता हात घासता घासता थांबली. "रागावले कुठे? लाजले. पण वन्सं, ते दारात नुकतेच आले नव्हते, बराच वेळ उभे होते. रात्री पोरं झोपल्यावर मला म्हणाले, 'ताईला एवढं ओरडावं लागलं, म्हणजे तुझं खरंच जिवावरचं दिसतंय. मला कुणी सांगितलं का नाही?' मी काय सांगणार? मग तेच म्हणाले, 'डुकरासारखं नसतं ना नक्की?'"

फानेला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने तोंड फिरवलं आणि झाऱ्याने हत्यारं ताटात काढली. "जा आत. हातमोजे घाल. कशाला हात लावू नकोस."

मग सुरू झालं ते काम बेटावर पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. बायको आत, बहीण बाहेर. फाने खिडकीला पाठ लावून उभी. आत बघायचं नाही, आतलं ऐकायचं नाही. म्हणून तिने दोन्ही कानांत बोटं खुपसली होती. डॉक्टरांना काही लागलं की एसेता तिच्या पाठीवर कोपराने ढोसायची आणि फाने कानांतली बोटं काढून, अंदाजाने एखादी वस्तू ताटात ठेवून, न वळता ते खांद्यावरून मागे सरकवायची. एकदा कापूस हवा होता आणि तिने चिमटा दिला. दुसऱ्यांदा ढोसणं इतकं जोरात आलं की ती पडता पडता वाचली. आंब्याखालचे गडी आ वासून बघत होते. फाने ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. होऊ दे, देवा, नीट होऊ दे.

पाठीवर थाप पडली. या वेळी थाप होती, ढोसणं नव्हतं.

"झालं, वन्सं!" एसेता खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. "झालंसुद्धा! मी दोरासुद्धा दिला! डॉक्टर म्हणाले, तीन महिने अजून कंडोम वापरा, मग तपासून सांगतो."

"ते मी देते. पोतंभर देते!" फानेने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

डॉक्टरांनी त्याला थोडा वेळ पडून राहायला लावलं. नंतर केपुएली पुढच्या दाराने बाहेर आला. आंब्याखालचा एकजण, गवंडी काम करणारा, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "काय रे? दुखतं?"

"मुंगी चावली तर जास्त दुखेल," केपुएली म्हणाला. गवंड्याने सिगारेट विझवली आणि येऊन बाकावर बसला. त्याच्यामागून आणखी एक आला.

केपुएलीच्या घराची वाट दवाखान्याच्या अंगणातूनच जाते, आणि वाटेवर, धुतलेलं ताट हातात घेऊन, फाने उभी होती. त्याने तिला पाहिलं. तिनेही पाहिलं. क्षणभर तो जागीच थांबला. मग मान लववून तो वळला आणि समुद्राच्या बाजूने निघाला. ती वाट वाळूतून, थडग्यांना वळसा घालून, मैलभर जास्त.

"अहो, तिकडून कुठे? डॉक्टरांनी जास्त चालू नका म्हणून सांगितलंय!" एसेता ओरडली आणि धावायला निघाली.

फानेने तिचा हात धरला. "हळू जाईल तो. तू थोड्या अंतराने जा मागून. त्याला अडवू नकोस."

भर उन्हात केपुएली चालला होता. पाय फाकवून, वाळूत जपून एकेक पाऊल टाकत, कमरेची चटई सरळ धरून. फानेने भिंतीकडे तोंड केलं आणि तो थडग्यांपलीकडे जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.