किसनरावांनी पुन्हा विणलेली बाज
२०१४ साल होतं आणि कपाशी वेचणीला आली होती. मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. त्या वर्षी मला पहिल्यांदा माझ्यावर झोपणाऱ्या माणसाची काळजी वाटली.

माझे पाय बाभळीचे. पिंपळगाव राजा या गावच्या सुताराने ते घडवले आणि माझे मालक किसनराव यांनी आपल्या लग्नाच्या वर्षी स्वतः अंबाडीची दोरी वळून मला विणलं. माझ्यावर पापड वाळले, लेकरं निजली, सोयरिकी ठरल्या. नवा पाहुणा बसला की वीण दाबून पाही आणि वाखाणी. मला फार बरं वाटे.

मग एके दिवशी किसनराव शेतातच छाती धरून बसले. मुलगा गोकुळने त्यांना जीपने बुलढाण्याला नेलं. जीव वाचला. दहा दिवसांनी ते घरी आले ते थेट माझ्यावरच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, दीड महिना जड काम नको म्हटलं होतं आणि रोज थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. घरच्यांनी गोळ्या सांभाळल्या, पण भीतीपोटी चालू मात्र दिलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणी आणि 'हलू नका' सांगून जाई. ते उठून बसले की त्यांच्या पत्नी गोजरबाई म्हणत, "निजा जी, काय पाह्यजे ते मी आणतो." असे आठ महिने गेले. छाती बरी झाली होती, माणूस बरा होत नव्हता. ते तासन्‌तास आढ्याकडे पाहत पडून राहत, आणि मी त्यांच्याखाली झोळीसारखी लोंबू लागले.

एका सकाळी माझी दोरी तटकन तुटली. गोकुळ म्हणाला, प्लास्टिकची पट्टी मारून घेऊ. बालमित्र गुलाबराव तिथंच होते. म्हणाले, "किसन्या, बाज थकली बे. तू नाही थकला पडून पडून?"

कितीतरी दिवसांनी किसनराव हसले. "दोरी आण गोकुळ. मी विणतो."

गोजरबाईंचा चेहरा उतरला. "अन् काही झालं म्हंजे?"

"डॉक्टरनं मले वाचवलं ते बाजीवर निजाले काय वं?"

गोकुळने डॉक्टरांना फोन केला, तर इतके दिवस चालवलं का नाही म्हणून त्यालाच बोलणी बसली. धाड गावच्या बाजारातून तो दोरी घेऊन आला.

मित्रांनो, आडवं पडून बाज विणता येत नाही. या पायापासून त्या पायापर्यंत फिरावं लागतं. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या आणि किसनरावांना दम लागला. गोजरबाई दोरीचं टोक धरून बसल्या होत्या, पण नजर त्यांच्या छातीवर. मी पूर्ण व्हायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी किसनराव चप्पल घालून नाल्यापर्यंत जाऊन आले. वीस पावलं मागून गोजरबाई, त्यांना कळू न देता.

गुलाबराव दोन वर्षांमागे गेले. किसनराव स्मशानापर्यंत पायी गेले. बापाचं दुखणं पाहून गोकुळने तंबाखू सोडली ती सोडलीच. गोजरबाई आता मागून नाही, सोबत चालतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त बोलतात. किसनराव एक्काहत्तरीत आहेत. पोतं उचलता येत नाही याचं त्यांना वाईट वाटतं. पण गोळी चुकत नाही, कापूस अर्धी ओळ कमी का होईना वेचतात, आणि वर्षातून एकदा एसटीने शेगावला जाऊन येतात.

तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठलं असेल, तर त्याच्या गोळ्या जपा, डॉक्टरचं सगळं ऐका, अर्धं नाही. आणि त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. मी अंगणात दिवसभर रिकामी असते. चिमण्या येऊन बसतात. मी सुखात आहे.