वितळलेली वाकडी मेणबत्ती

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. अंगभर पोचे, काठावर मेणाचे थर, असे मी मेण वितळवायचे जुने पातेले आहे. धुऊन लख्ख केलेल्या भांड्यांत मला कोणी मांडत नाही, आणि मलाही त्यांच्यात बसायची हौस नाही.

माझी सारी हयात एका मेणबत्तीवाल्याच्या घरात गेली. मोठ्या भांड्यात पाणी तापवायचे, त्यात मला ठेवायचे आणि माझ्या पोटात मेण टाकायचे. तुम्ही म्हणता, बर्फ वितळला, लोणी वितळले, खिशात चॉकलेट वितळले आणि आईचा ओरडा खाल्ला. चहातली साखर मात्र विरघळते, कारण तिला पाणी लागते. वितळायला नुसती ऊब पुरते. एवढी विद्या मला पाण्यात उभे राहून मिळाली आहे.

आमच्याकडे वाकडी किंवा तडकलेली मेणबत्ती कधी फेकत नसत. ती पुन्हा माझ्यात यायची. नव्या सुनेने ही रीत इतकी झटपट उचलली, की सासरे, म्हणजे आमचे मेणबत्तीवाले, तिचे तोंडभरून कौतुक करायचे.

एका सकाळी फळी आवरताना तिला डब्यामागे एक वाकडी मेणबत्ती सापडली. तिने ती इतर तुकड्यांबरोबर माझ्यात सोडली. सासरे आले, डब्यामागे हात घातला आणि इथली मेणबत्ती कुठे गेली, असे विचारू लागले. ती सासूबाईंनी जाण्याआधीच्या आजारपणात, थरथरत्या हातांनी केलेली शेवटची मेणबत्ती होती. सासऱ्यांनी ती गुपचूप जपली होती. हे कळल्यावर सुनेच्या डोळ्यांना धार लागली. मलाही माझे काम प्रथमच नकोसे झाले.

सासरे जवळ आले. त्यांनी माझ्यात वाकून पाहिले.

"रडू नकोस, बाळा," ते म्हणाले. "वितळलीय फक्त, जळली नाही. इथंच आहे सगळी."

"मग ओतू, बाबा?"

"ओत. पण सावकाश. घाईचं काम तिला खपायचं नाही."

डोळे पुसता पुसता सून हसली. त्या दिवशीच्या मेणबत्त्यांपैकी सासूबाईंची कोणती, हे कोणालाच सांगता येईना. मग सासऱ्यांनी शेजारच्या प्रत्येक घरी एकेक नेऊन दिली. घरी ठेवलेली शेवटची त्यांनी सुनेच्या हातात दिली.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या हातून चूक झाली, तर त्याला ऊब द्या, चटका देऊ नका. वितळलेले पुन्हा साच्यात ओतता येते. जळलेल्याचे माझ्यासारख्या पातेल्यालाही काही करता येत नाही.