टपालवालीची दुसरी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी आहे, बिचारी नाही. ‘अरेरे’ म्हणायच्या तयारीने बसला असाल, तर आत्ताच उठा आणि दुसरं काहीतरी वाचा. माझ्या अंगावर रंगापेक्षा पोचे जास्त आहेत आणि मला त्यांची अजिबात लाज वाटत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला ना शर्यतीची बनवली, ना दूधवाल्याची. दांडी तिरकी, सांगाडा भक्कम पण वजनाला हलका, टायर रुंद आणि खडबडीत. कुठेही चालेल, कशातही चालेल, असा त्यांचा हिशेब. पण मला आणलं गेवराईच्या एका गुरुजींनी, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला म्हणून. चार दिवस गुरुजी माझ्यावर बसले, मग त्यांच्या गोधड्या बसल्या. कपडे वाळत घालायला लई सोयीची वस्तू, असं माझं घरभर कौतुक झालं. असल्या कौतुकाचा मला भयंकर राग येतो. शेवटी मी चकलांब्याला मैनुद्दीनचाचांच्या सायकल दुकानात विकायला उभी राहिले.

तिथे पंचशीला आली. ती जवळच्याच एका गावची टपालवाली, नुकतीच कामाला लागलेली. तिच्याकडे एक सायकल आधीच होती. निळी, गिअरची, बारीक चाकांची. डांबरी रस्त्यावर ती अशी पळायची की बघत राहावं. पण टपाल काय फक्त डांबराच्या कडेला राहणाऱ्यांनाच येतं? वस्त्यांच्या वाटेवर उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल. तिथे निळीबाई एकतर पंक्चर व्हायच्या, नाहीतर घसरायच्या. म्हणून पंचशीलाला दुसरी सायकल हवी होती. रोजच्या कामाची, बाराही महिने साथ देणारी.

दुकानातल्या सगळ्या सायकलींवर लोक बसून बघतात. हिने मला उचलून बघितलं!

“चाचा, हिला खांद्यावर घिऊन वढा पार करता यील. हीच द्या.”

इतक्या वर्षांत मला कामासाठी निवडणारी ती पहिलीच. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

चाचांनाही हुरूप आला. त्यांनी मला दोन्ही चाकांना घट्ट बसणारे, चकचकीत मडगार्ड लावले. “बाईमाणसाची सायकल हाय, बेटी. कपड्यावर एक छीटा उडायचा न्हाई.” मला ते दागिने नको होते. पण सायकलीला कोण विचारतं?

घरी थोरला भाऊ नवनाथ मला बघून हसायला लागला. “दोन दोन सायकली कावून लागत्यात तुला? नोकरी तुज्या नावावर ऱ्हाऊ दे. टपाल मी वाटतो मोटारसायकलवर. पावसाळ्यात तुज्यानं व्हायचं न्हाई.”

नवनाथ वाईट नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. पण मित्रांनो, जीव लावणारी माणसंच कधीकधी गोड बोलून हातातलं काम काढून घेतात. पाटीवर बाईचं नाव आणि खुर्चीत बुवा, हे आमच्याकडे घरोघरी चालतं.

“नोकरी माज्या दहावीच्या मार्कावर लागली, दादा. टपाल बी मीच वाटणार.”

“वाट की. पर एकदा जरी अडकलीस, तर पिशवी माज्याकडं.”

“बरं,” पंचशीला म्हणाली.

उन्हाळा आम्ही आरामात काढला. काटे माझ्या टायरांना घाबरून होते म्हणा ना! पण पाऊस लागला आणि एका सकाळी, वस्तीच्या अलीकडेच मी जागच्या जागी थांबले. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल कणकेसारखा गच्च बसला होता. पंचशीलाने काडीने कोरून काढला. दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी ती टपालासकट मला ढकलत परत आली. नवनाथने पिशवी घेतली आणि उद्याच्या फेरीसाठी आपल्या मोटारसायकलला अडकवली. पंचशीला जेवली नाही त्या दिवशी.

संध्याकाळी मात्र ती मला घेऊन चाचांकडे गेली. “मडगार्ड काढा.”

“बेटी, सगळी पाठ चिखलानं भरंल. लोक हसतील.”

“हसू द्या. पाठ धुता येती, चाचा. चाक फिरलं पायजे.”

चाचांनी मान हलवत पाना घेतला. मडगार्ड खाली पडले, तेव्हा मी मनातल्या मनात घंटी वाजवली.

सकाळी पंचशीलाने मोटारसायकलची पिशवी काढून माझ्या हँडलला लावली. तिच्या आईने, भिमाबाईंनी, खताच्या गोणीची खोळ शिवून ठेवली होती, ती पिशवीवर चढवली. “टपाल कोरडं ऱ्हाऊ दे. तुजं बघू मग,” त्या म्हणाल्या.

नवनाथ भडकला. “ठरलं हुतं ना आपलं?”

“अडकलं ते मडगार्ड. मी न्हाई अडकले.”

“आज बी अडकशील. पिशवी आणाय मी मागंच येतो!”

आणि खरंच तो मोटारसायकल काढून मागे आला. चिखल लागला. माझ्या चाकाला चिकटलेला चिखल दोन फेऱ्यांत सुटायचा आणि उडायचा तो थेट पंचशीलाच्या पाठीवर. जिथे फारच दलदल होती तिथे तिने मला खांद्यावर घेतलं. मागे मोटारसायकल एकदा गुरगुरली, दोनदा गुरगुरली आणि गप्प झाली. तिचं पुढचं चाक मडगार्डातल्या चिखलात रुतून बसलं होतं. तिला खांद्यावर कोण घेणार?

घोटाभर चिखलात उभा राहून नवनाथ ओरडला, “पंचे, पाठ बघ तुजी! पार म्हैस झालीस!”

पंचशीलाने मागे वळूनही पाहिलं नाही. “मी पुढं हाय, दादा. म्हणून तर पाठ दिसाय लागली तुला!”

वस्तीवर छबुबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी चष्म्याच्या पार्सलची वाट बघत बसल्या होत्या. ते त्यांना कोरडं मिळालं. दुसऱ्या दिवशी नवनाथ चाचांच्या दुकानात दिसला. मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून घेत होता. टपालाच्या पिशवीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल तर तिच्यावर गोधड्या वाळत घालू नका. साखळीला तेल द्या, हवा भरा, आणि मग तिला चिखलात न्या, काट्यात न्या, रोज न्या. झाकून ठेवली की सायकल गंजते, वापरली की फक्त मळते. मी मळलेली आहे आणि तशीच राहणार आहे. टपालाची पिशवी अजूनही माझ्याच हँडलला आहे. ज्याला हवी असेल, त्याने येऊन काढून दाखवावी.