धाकटीची सीट

धाकटी गाडीतून उतरताना कमरेवर हात ठेवून वाकली आणि तिथंच भांडणाला तोंड फुटलं. ताठ उतरली असती तर थोरल्याला काही दिसलं नसतं. पण बाजारातून येऊन तिनं पिकअप गोठ्यापाशी लावली, दार उघडलं, एक पाय खाली टेकवला आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. तोंडातून ‘आई गं’ निघून गेलं. मी पलीकडच्या दारानं उतरून माझ्या रिकाम्या टोपल्या काढत होते. मला ऐकू आलं, म्हणजे ओट्यावर बसलेल्या थोरल्याला ऐकू गेलंच.

मी त्यांची शेजारीण. सगळा गाव मला काकू म्हणतो. माझी पाचपन्नास जुड्या भाजी त्यांच्याच गाडीतून बाजारात जाते, त्यामुळे गाडीतली एक जागा माझी ठरलेली. थोरला म्हणजे धाकटीचा मोठा दीर. गाडी त्याच्या नावावर, पण तो चालवायला कधी शिकलाच नाही. धाकटीच्या नवऱ्याचा एक डोळा लहानपणीच गेला, त्यामुळे त्यालाही गाडी हाकता येत नाही. मग उरली धाकटी. तिनं माहेरी ट्रॅक्टर चालवलेला होता. तिनं किल्ली घेतली आणि त्या दिवसापासून या घराचा माल वेळेवर बाजारात पोचायला लागला.

“झालं समाधान?” थोरला ओट्यावरूनच ओरडला. “मी घसा फोडून सांगत होतो. गाडी हाकणं बायकांच्या अंगाला झेपत नाही.”

“झेपतंय की. जरा अवघडलेय एवढंच.”

“जरा? रोज म्हातारीसारखी वाकून उतरतेस.”

मी म्हातारी असून ताठ उतरले होते. पण ते बघायला कुणाला सवड होती?

“सोमवारपासून पैलवान येणार गाडीवर,” थोरल्यानं सांगून टाकलं. “त्याच्याशी बोलणं झालंय माझं. तोवर चालव काय चालवायची ती.”

धाकटीचा चेहरा लालेलाल झाला. “मला न विचारता?”

“गाडी कुणाच्या नावावर आहे?”

“नावावर तुमच्या आहे, भाऊजी. पण चिखलात रुतली की ढकलायला आणि भरली की काढायला कोण असतं? तेव्हा कागद पुढं होतो का?”

क्रेट उचलता उचलता तिचा नवरा थांबला. “दादा, ती चालवतेय ना नीट. टोमॅटो तोडायला आलाय, आता कशाला घोळ?”

“तू मध्ये बोलू नकोस,” थोरला म्हणाला, आणि धाकटीचा नवरा पुन्हा क्रेट उचलायला लागला. चांगला माणूस आहे, पण भावापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. मला अशा वेळी त्याचा फार राग येतो.

खरं सांगायचं तर धाकटीला पाठीचा त्रास होताच. अर्धा रस्ता झाला की ती सीटवर या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर व्हायची. कमरेत कुणी खुंटी ठोकतंय असं वाटतं म्हणायची. तिच्या जावेनं पाठीमागं ठेवायला उशी दिली, तर त्या उशीनं ती पुढं ढकलली गेली आणि गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. तरी ती गाडी सोडायला तयार नव्हती. का सोडावी? घरात तिला भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा विचारून घालावं लागतं. स्टिअरिंगवर बसली की ती कुणाची सून नसायची, कुणाची भावजय नसायची. खिडकीत कोपर टेकवून अशी गाडी काढायची की बघत राहावं. बाजारात व्यापारी तिला वचकून असायचे. हे सगळं तिच्याकडून काढून घ्यायचं, ते एका पाठदुखीच्या नावाखाली. माझ्याच अंगाची लाही होत होती, तर तिचं काय होत असेल?

दुसऱ्या दिवशी बाजारातून परत येताना इंजिन तापलं. ऊन असं होतं की रस्त्याकडेची माती भाजून भेगाळली होती आणि वारा सुटला तरी गरमच लागत होता. टेकडीच्या चढावर काटा वर गेला तशी धाकटीनं गाडी तिथंच उभी केली. मी खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन निवेपर्यंत करायचं काय, म्हणून दोघी आत बसून राहिलो. मी थोरल्याचा उद्धार करत होते. ती नुसती हूं हूं करत होती.

मग एकदम म्हणाली, “काकू, पाठ दुखत नाहीये.”

“गाडी उभी आहे म्हणून.”

“रोज बाजारातपण उभीच असते की. तिथं बसले की दुखते.”

इंजिन निवलं. चढ संपवून आम्ही सपाटीला लागलो, थोडं पुढं गेलो, तर हिनं गाडी थांबवली आणि रिव्हर्स टाकला. मला वाटलं काही पडलं. नाही. बाईसाहेब गाडी उलटी घेत परत त्या चढावर आल्या, ब्रेक ओढला आणि डोळे मिटून बसल्या.

“अगं, डोक्यात ऊन गेलं का तुझ्या?”

“थांबा हो काकू. बघू द्या.” मांडीखाली हात घालून ती सीट चाचपत होती. “चढावर गाडीचं तोंड वर होतं. मग सीटपण पुढून वर होते, मांड्या टेकतात. सपाटीवर सीट पुढं उतरतेय, मांड्यांखाली काही आधारच नाही. सगळा भार कमरेवर!” तिनं स्टिअरिंगवर थाप मारली. “पाठ माझी चांगली आहे, काकू. सीट वाकडी आहे!”

असा आनंद तिच्या तोंडावर मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता.

घरी जायच्या ऐवजी आम्ही थेट फाट्यावरच्या गॅरेजला गेलो. मिस्त्री कुठल्याशा जीपखाली झोपलेला होता, तिनं त्याला पायाला धरून उठवला म्हटलं तरी चालेल.

“सीटचे पुढचे दोन पाय इंचभर उचलायचेत,” ती म्हणाली.

मिस्त्रीनं नाक खाजवलं. “कंपनीनं काहीतरी विचार करूनच बनवली असेल ना, वहिनी?”

“कंपनीनं मला बसवून बघितलं होतं का?”

मिस्त्री हसला. मग म्हणाला, हे काही नवीन नाही, शहरात तयार मिळतं. लोखंडाच्या जाड चकत्या, मधोमध भोक. स्पेसर म्हणतात. सीट जिथं बोल्टनं गाडीच्या तळाला आवळलेली असते तिथं पुढच्या बाजूला खाली घालायच्या आणि लांब बोल्ट लावायचे. “पण बोल्ट भारीतला पाहिजे. साधा लावला आणि ब्रेक मारताना तुटला, तर सीटसकट काचेवर जाल.”

“भारीतलाच मागवा. शनिवारच्या बसनं आलं पाहिजे.”

शनिवारी आलं. मिस्त्री बसवायला लागला तर हिनं पान्हा त्याच्या हातातून घेतला. “मला दाखवा. रानात ढिला झाला तर तुम्ही येणार आहात का?” आणि गाडीत डोकं घालून, पदर खोचून, तिनं स्वतः बोल्ट आवळले. मिस्त्रीनं प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून बघितला. एकही हलला नाही.

घरी जाताना तिनं मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गाडी काढली. सगळे खड्डे खाऊन दारात उतरली ती पोरीसारखी उडी मारून. थोरला तेव्हा घरात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी पैलवान आला. खडीचा ट्रक चालवणारा माणूस, दारातून आत यायचं तर खांदा तिरका करावा लागतो. गाडी भरून तयार होती. थोरल्यानं सगळ्यांसमोर किल्ली त्याच्या हातात दिली. आम्ही बाया तिथं उभ्या होतो, धाकटीचा नवरा मान खाली घालून उभा होता.

“बसा,” धाकटीच म्हणाली. “माल मी भरलाय, गाडी मी धुतलीय. विहिरीपर्यंत नेऊन आणा आणि मग बोला.”

“तिचं ऐकू नकोस,” थोरला म्हणाला. “सीटखाली काहीतरी चकत्या घातल्यात म्हणे न विचारता. त्या काढून टाक आधी.”

“हात तर लावून बघा!” धाकटी गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. “घालतानाचा पान्हा अजून माझ्याजवळ आहे.”

पैलवान गडबडला. तिला म्हणाला, “वहिनी, एक चक्कर मारू द्या, मग भांडा.” ती बाजूला झाली. तो बसला, गाडी विहिरीपर्यंत नेली, वळवून आणली. पण आणल्यावर उतरेना. इंजिन बंद करून तसाच बसून राहिला.

“काय रे, काय झालं?” थोरल्यानं विचारलं.

“ही सीट कुणी केली?”

“मी,” धाकटी म्हणाली.

पैलवाननं मांडीखाली हात घालून बघितलं. “मी घरी गेलो की जमिनीवर पालथा पडतो आणि पोराला पाठीवर उभा करतो. म्हटलं, वय झालं. म्हटलं, असंच असतं.”

“तुझी पाठ दुखते?” थोरल्याचा आवाज जरा उतरला.

“सगळ्या डायव्हरांची दुखते, दादा. सांगायची कुणाला? मालकाला कळलं की तो दुसरा डायव्हर बघतो.”

थोरली, जी एरवी नवऱ्याच्या पुढं एक शब्द काढत नाही, ती पदर तोंडाला लावून वळली. हसत होती, मी बघितलं.

पैलवान खाली उतरला. “मला फाट्यावर जायचंय. मिस्त्री असेल ना गॅरेजात?”

“अरे, आणि बाजार?”

“डायव्हर आहे की तुमच्याकडं.” एवढं बोलून तो लांब ढांगा टाकत निघाला. किल्ली गाडीतच होती.

थोरला हात पुढं करेपर्यंत धाकटी वर चढून बसलीसुद्धा. “काकू, चला. टोमॅटो उन्हात चाललाय.” मी चढले. आणि काय सांगायचं, तिचा नवरा, जन्मात कधी बोलला नसेल इतक्या मोठ्यानं बोलला, “दादा, सरका, गाडी निघू द्या!”

थोरला सरकला, पण दुसऱ्या दारानं माझ्या शेजारी येऊन बसला. “बघतोच आज कशी चालवतेस ते.” मी मध्ये चेंगरले. गावाची हद्द ओलांडेपर्यंत तो ‘सावकाश’, ‘खड्डा बघ’, ‘हॉर्न दे’ करत होता. टेकडी उतरून सपाटी लागल्यावर गप्प झाला. मग या बाजूला कलंडला, मग त्या बाजूला. मग पाय लांब केले, मग आखडले. एक हात हळूच कमरेमागं गेला. धाकटी समोर बघत, ताठ बसून, मजेत गाडी हाकत होती.

बाजाराच्या अलीकडं त्याच्यानं राहवेना. “त्या चकत्या,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “या बाजूलाही बसतात का?”

“बसतात की.”

“मग बसवून टाक.”

धाकटीनं गिअर बदलला. “चालवणारीचं आधी झालं, भाऊजी. नुसतं बसणाऱ्याचं बघू सवडीनं.”