एक डोळा निळा

फोटोवाल्याच्या हाताला एक खोड होती. फोटोत लाल डोळा दिसला की तो काळा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नवऱ्यामुलींचे, बाळांचे, सत्कारमूर्तींचे किती लाल डोळे त्याने आयुष्यभर निस्तरले होते, त्याला गणती नव्हती. आणि त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं त्याला अजिबात खपत नसे. एकदा एक गिऱ्हाईक नुसतं म्हणालं, "कान जरा मोठे आलेत." तर "कान तुम्ही घरूनच घेऊन आलात," म्हणत याने त्याला सरळ वाटेला लावलं.

नवरा गेल्यावर त्याची थोरली बहीण स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहायला आली. येताना तिने दोन पेट्या आणि एक पांढरीशुभ्र मांजर आणली. मांजरीचा एक डोळा निळा, दुसरा पिवळा. अंधारात तिच्यावर उजेड पडला की निळा डोळा लाल चमकायचा आणि पिवळा हिरवा.

"ताई, ही मांजर आहे की सिग्नल?" फोटोवाला पहिल्याच दिवशी म्हणाला आणि तेच नाव पडलं.

निळ्या डोळ्याच्या बाजूच्या कानाने सिग्नलला ऐकू येत नसे. ताई कायम दुसऱ्या बाजूला जाऊन हाक मारायची. मोडलेल्या संसारातलं जिवंत असं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. बाकी भावाच्या घरात ती अगदी जपून वागायची. त्याने केलेला चहा कितीही कडू झाला तरी गोड मानून घ्यायची.

एका सकाळी फोटोवाल्याने फोटोंच्या पाठीमागे लावायचा मोठा पडदा झटकायला मागचं दार उघडलं आणि लावायचं विसरला. दुपारी पाहतात तो सिग्नल गायब. ताईने जेवणाला हात लावला नाही.

"पोस्टर करतो आणि गावभर लावतो. येईल बघ घरी," तो म्हणाला. दार आपण उघडं टाकलं होतं, हे त्याला आतून खात होतं.

सिग्नलचा स्पष्ट असा एकच फोटो होता, फ्लॅश मारून काढलेला. एक डोळा लालभडक, एक हिरवा. कॉम्प्युटरवर तो उघडला आणि हाताने सवयीने आपलं काम केलं. लाल पुसला. मग हिरवाही बरा दिसेना. जुन्या एका पुसट फोटोतला पिवळा डोळा उचलून त्याने दोन्हीकडे बसवला. काय देखणी दिसायला लागली मांजर! ज्याने तिचं नाव सिग्नल ठेवलं, त्याच शहाण्याच्या ध्यानात आलं नाही, की तिची खूणच पुसली गेली.

ताईला दाखवायला गेला, तर तिने तोंड फिरवलं. "नको रे, आत्ता तिचं तोंड नाही बघवणार मला. तू केलंयस म्हणजे चांगलंच असेल."

पोस्टरं लागली. फोन काही आला नाही. ताई रोज सकाळी दुखरे गुडघे घेऊन बाहेर पडायची आणि दमून परत यायची. बिचारी मांजर शोधते, असं फोटोवाल्याला वाटायचं. पुढे पुढे तिने तेही सोडलं.

थंडी सरत आली तेव्हा पुलापलीकडची बेकरीवाली एक फोटो मोठा करून घ्यायला आली. तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर पांढरी मांजर होती, एक डोळा लाल, एक हिरवा.

"हे लाल तेवढं काढा हं. खरा तो डोळा निळा होता," ती म्हणाली. "भट्टीच्या मागे येऊन बसली होती. आमच्या कोपऱ्यावर पोस्टर होतं म्हणून आम्ही धावत जाऊन पाहिलं. पण त्यातल्या मांजरीचे दोन्ही डोळे पिवळे. म्हटलं, ही ती नव्हे. ठेवून घेतली. फार लळा लावला हो तिने."

"आता कुठे आहे?" फोटोवाल्याने कसंबसं विचारलं.

"गेली. मागच्या आठवड्यात टेम्पो मागे घेताना चाकाखाली आली. त्या बाजूने तिला ऐकूच येत नसावं. आम्हाला काय ठाऊक!"

ती गेल्यावर फोटोवाल्याने फोटो छापला, डोळ्यांना हात न लावता. तो घेऊन तो वर गेला आणि ताईला सगळं सांगून टाकलं. दार, डोळा, बेकरी, टेम्पो. काहीच लपवलं नाही.

ताई बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "डोळ्याचं मला माहीत होतं रे. औषधाच्या दुकानाबाहेर पोस्टर पाहिलं, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? दहा मिनिटांचं काम होतं, ताई!"

"तू एवढ्या हौसेने केलं होतंस. आणि तुला कोणी काही म्हटलेलं..." तिने वाक्य अर्धवटच सोडलं.

ताईने उशाखालून एक निळं स्केचपेन काढलं. त्याचं टोक झिजून चपटं झालं होतं.

"रोज जायचे. जेवढ्या पोस्टरांपर्यंत पोचले, तेवढ्यांचा एक एक डोळा निळा करून आले," ती म्हणाली, आणि त्याचीच माफी मागत असल्यासारखी खाली बघत राहिली. "पूल तेवढा नाही चढवला मला."